आठ मेगाबाइट आणि एक बाल्कनी

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई मोजूनमापून आखली गेली. त्या आखणीत बाल्कनीही होती. नेरूळकराने घराचा ताबा घेतला की पहिलं काम काय केलं? बाल्कनी बंद! मग तिथे कपाट आलं, कपाटावर माळा आला, आणि पुढच्या उन्हाळ्यात "हवा कशी ती येत नाही हो!" सुरू झालं.

हे आठवायचं कारण ईमॅक्स. कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा हा कार्यक्रम, हवा तसा बदलून घेता येणारा. चिरंजीवांनी बसवून दिला. मी रंग बदलले, अक्षर मोठं केलं, शब्दमोजणी जोडली, घड्याळ लावलं. महिन्याभरात अशी गत झाली की 'क' दाबावा, चहाचा घोट घ्यावा, तेव्हा कुठे पडद्यावर 'क' उमटे.

आम्ही पडलो बी.कॉम. शिल्लक जुळेना की जुनी खाती काढायची, एवढंच ठाऊक. काढली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत टेको नावाचा असाच कार्यक्रम होता. प्रत्येकाने त्यावर आपापल्या आज्ञा रचल्या. इतक्या, की एकाच्या टेबलावर दुसऱ्याला काम करता येईना. (रजेवर गेलेल्या कारकुनाचं लेजर ज्याने उघडलंय, त्याला हे समजेल.) १९७६ मध्ये गाय स्टील यांनी त्या एकत्र करायला घेतल्या, रिचर्ड स्टॉलमन यांनी काम तडीस नेलं, तोच ईमॅक्स. १९८५ मध्ये स्टॉलमननी तो नव्याने लिहून सर्वांना खुला केला. टवाळांनी नावाची फोड केली: 'आठ मेगाबाइट, आणि तरी सारखी ने-आण'. म्हणजे टेबलावर जागा नाही, म्हणून दर चेकला शिपाई रेकॉर्डरूमला पिटाळायचा! आठ मेगाबाइट तेव्हा बंगला होता. आज मोबाइलमधल्या दोन-तीन फोटोंत संपतात.

माझं दुखणं मात्र वेगळं निघालं. काटकसरीची सवय, एक लेख संपला की चांदण्या टाकून दुसरा त्याच ओळीत सुरू. ईमॅक्सच्या हिशेबी वर्षभराचं साहित्य ही एकच ओळ, आणि लांब ओळीपुढे तो पहिल्यापासून हात टेकतो. वर देवनागरीची जोडाक्षरं जुळवायची, ते निराळंच. २०२० च्या आवृत्तीत यावर उतारा आला, नाव 'सो-लाँग'. अर्थ 'एवढी लांब!' असाही आणि 'बरंय, येतो' असाही. २०२३ च्या आवृत्तीत हा जाच बराच कमी झाला. माझी अर्थातच त्याआधीची. माळा हलेल या भीतीने नवी घेतलीच नव्हती.

"बाबा, 'मायनस क्यू' लावून उघडा," चिरंजीव म्हणाले. तसं उघडलं की आपला एकही बदल सोबत येत नाही. कोरी फाईल घेतली. काय पळाला हो!

पण पडदा पांढराफटक, अक्षर मुंगीएवढं. सौ. मागून डोकावून म्हणाल्या, "हे कुणाचं घर?"

मी गुपचूप घड्याळ परत लावलं.