दलदलीतला हुंकार

इतिहास म्हटला की राजे, लढाया नि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु माणसाने पाणथळ जमिनीशी जो व्यवहार केला, त्याचाही एक इतिहास आहे. तो आम्ही एका लाजाळू पक्ष्याच्या निमित्ताने येथे मांडीत आहोत.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक व सफोक परगण्यांत बोरूच्या दाट बनांतून बिटर्न नावाचा पक्षी राहतो. हा बगळ्याचा भाऊबंद. अंगावर वाळक्या बोरूचाच रंग. चाहूल लागताच चोच आभाळाकडे करून असा निश्चल उभा राहतो की चार पावलांवर असूनही दिसू नये. वसंतात मात्र नराचा हुंकार मैलभर सहज ऐकू जातो.

सतराव्या शतकात व्हर्मुइडेन या डच स्थापत्यविशारदाने धनिकांच्या भांडवलावर पूर्व इंग्लंडातील दलदली कोरड्या करण्यास आरंभ केला. मासे, पाखरे व बोरू यांवर जगणाऱ्या गरिबांनी बांध फोडून विरोध केला. तो चिरडला गेला. पुढे बंदुकीची भर पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिटर्नची वीण ब्रिटनमधून नाहीशी झाली. १९११ साली एमा टर्नर या छायाचित्रकार बाई व जिम व्हिन्सेंट हा रखवालदार यांना नॉरफोकमध्ये पिल्लू आढळले. पक्षी परतला होता!

१९४० साली शत्रू उतरू नये म्हणून सफोकमधील मिन्स्मिअरची किनारी शेते पाण्याखाली घालण्यात आली. युद्ध संपले तेव्हा तेथे उत्तम पाणथळ तयार झाली होती. १९५०च्या सुमारास देशात हुंकारणारे नर ऐंशीच्या आसपास होते. १९९७ साली उरले अवघे ११.

असे का व्हावे? पूर्वी छपरांसाठी बोरू कापणारे मजूर बन मोकळे ठेवीत. तो धंदा खालावला. पाने कुजून तळ वर आला, पाणी आटले, झुडपे माजली, मासे दुरावले. न दिसणाऱ्या पक्ष्याची मोजणी कानांनीच करावी लागते. अभ्यासकांनी हुंकार ध्वनिमुद्रित करून नरानराचा आवाज वेगळा ओळखला. पक्ष्यांच्या अंगावर चिमुकली रेडिओयंत्रे बसवून ते चारा कोठे शोधतात ते पाहिले. पाण्यात उभा असलेला बोरू आणि त्याच्या कडेचे मासे हेच त्याचे अन्नछत्र, असे सिद्ध झाले.

मग तळ खणून खोल केला, झुडपे तोडली, पाण्याची दारे बसविली. समुद्राचे खारे पाणी किनारी बनांत शिरण्याचा धोका ओळखून आतल्या भागातही नवी बने उभारली. लेकनहीथला गाजराच्या शेतांत, हॅम वॉलला पीट काढलेल्या खाणींत. २०२३ साली हुंकारणाऱ्या नरांची संख्या दोनशेच्या वर गेली.

दलदल ही पडीक जमीन नव्हे. ती राबत्या हातांनी राखलेली जमीन आहे. विळा थांबला तेव्हा पक्षी गेला आणि कुदळ चालली तेव्हा तो परतला. म्हणून निसर्गरक्षणाचा हिशेब मांडताना कुंपणाच्या खर्चाबरोबर त्या हातांची मजुरीही धरली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.