वेताळाचे न निघालेले अंक : इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी संच समुद्रपुरातून जमवायचा तर

१/ इंद्रजाल कॉमिक्सचा संच पुरा करू पाहणारा नवखा संग्राहक १२३ आणि १२४ हे दोन क्रमांक वर्षानुवर्षे शोधत राहू शकतो. ते त्याला मिळणार नाहीत, कारण ते छापलेच गेले नाहीत. जुन्या संग्राहकांच्या याद्यांत या दोन क्रमांकांपुढे ‘संपामुळे अंक निघाले नाहीत’ अशी नोंद असते. ही एक ओळ ठाऊक नसेल, तर पुरा झालेला संचही जन्मभर अपुरा वाटत राहील.

२/ कॉमिक्सचा संच पुरा करणे ही वरवर पाहता हौस आहे. मात्र तिच्या पोटात इतिहासाभ्यासाचे अगदी प्राथमिक काम दडलेले आहे : कोणती साधने अस्तित्वात होती आणि त्यांतली कोणती उरली, हे ठरवणे. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून मराठी इंद्रजालचा संच जमवायचा झाला, तर ते काम कसे करावे लागेल, याविषयी हा थ्रेड.

३/ आधी पार्श्वभूमी. मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ चालवणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकन वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेला ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. नाव चपखल बसले. विक्रम-वेताळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आणि गावकुसाबाहेर वेताळाचा शेंदरी दगड पाहिलेल्या वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते.

४/ पहिले ३२ अंक वेताळाचेच होते. पुढे जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर, गार्थ असे इतर नायक येत गेले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्माण केलेला भारतीय नायक बहादूर अवतरला. १९९० मध्ये प्रकाशन थांबले, तेव्हा इंग्रजी मालिकेतील अंकांची संख्या ८०३ झाली होती.

५/ संच अपुरा राहिला तर बिघडते काय? ज्याच्या हाती केवळ सुरुवातीचे अंक आहेत, तो ‘इंद्रजाल म्हणजे वेताळ’ असे लिहून मोकळा होईल. ज्याच्या हाती १९७६ नंतरचा गठ्ठा आहे, त्याला चंबळच्या दरोडेखोरांशी झुंजणारा बहादूर हाच या मालिकेचा कणा वाटेल. दोघांचेही पुरावे अस्सल असतील, निष्कर्ष मात्र दोघांचेही चुकतील. गाळलेल्या जागा इतिहासाला नकळत वळण देतात.

६/ म्हणून पहिली पायरी खरेदीची नव्हे, व्याप्ती ठरवण्याची. संच कोणत्या भाषेचा? विदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक मध्य प्रांताचा, म्हणजेच पुढच्या मध्य प्रदेशाचा, भाग होता. वर्धा शहरात १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समितीचे कार्य चालते. अशा प्रदेशातल्या घरात मराठी अंकांच्या गठ्ठ्यात हिंदी अंक निघणे स्वाभाविक आहे. मराठी अंकाची रिकामी जागा हिंदी अंकाने भरली की संच दिसायला पुरा होतो, साधन म्हणून तो अपुराच राहतो.

७/ दुसरी पायरी यादीची. इंद्रजालच्या क्रमांकांत एक मोठा सांधा आहे. ४४३ व्या अंकापर्यंत क्रमांक सलग चालतात. त्यानंतर प्रकाशकाने ‘खंड २०, अंक १’ अशी पद्धत स्वीकारली. १९६४ हा पहिला खंड धरला की १९८३ हा विसावा आणि १९९० हा सत्ताविसावा येतो. एवढे गणित जवळ ठेवले, तर तारखेचे पान फाटलेल्या अंकाचेही वर्ष खंड क्रमांकावरून ठरवता येते.

८/ क्रमांकांचा असाच चकवा ‘अमर चित्र कथा’मध्येही आहे. इंद्रजालच्या आरंभाशी संबंध असलेल्या अनंत पै यांच्या संपादनाखाली नावारूपाला आलेली ही मालिका. तिचे पहिले १० क्रमांक कानडीत निघालेल्या पाश्चात्त्य परीकथांना दिलेले होते. इंग्रजी मालिका ११ व्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासून सुरू होते. इंग्रजी १ ते १० शोधणारा संग्राहक म्हणजे नसलेल्या घराचा पत्ता विचारणारा पाहुणा.

९/ जगभर संग्राहकांनी हाच धडा गिरवला आहे. अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची अंकवार किंमतसूची १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि विखुरलेल्या हौशीला समान संदर्भ मिळाला. ऑस्ट्रेलियात फ्रू या प्रकाशनसंस्थेने १९४८ पासून फँटमचे अंक काढले. त्यांची क्रमवार गणना पुढे हजाराच्या पलीकडे गेली. यादी हाताशी असली की शोधाला दिशा मिळते. ती नसेल, तर जे मिळेल त्यालाच संग्रह म्हणावे लागते.

१०/ इंग्रजी यादी मराठी संचाला जशीच्या तशी लावून चालत नाही. मराठी अंकांची यादी त्या अंकांतूनच उभी करावी लागते. प्रत्येक अंकामागे एक कार्ड : क्रमांक, मराठी शीर्षक, तारीख, किंमत, नायक, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठाचे वर्णन, पुढील अंकाची जाहिरात असल्यास तिचा मजकूर. शेवटची नोंद सर्वांत मोलाची. हाती नसलेल्या अंकाचे शीर्षक आदल्या अंकाच्या जाहिरातीत सापडू शकते. जाहिरात झाली म्हणजे अंक निघालाच असे मात्र नव्हे, म्हणून त्या नोंदीपुढे प्रत्यक्ष प्रत मिळेपर्यंत प्रश्नचिन्ह ठेवावे.

११/ आता समुद्रपूरचा भूगोल. या गावाला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक आणि बाजारपेठ म्हणजे हिंगणघाट. ते वर्धा-बल्लारशा मार्गावर आहे. तालुक्यातले जांब हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. तिथून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. जुने अंक शोधायचे तर याच वाटांचा माग काढावा लागतो : स्थानकावरचे पुस्तकांचे स्टॉल, वृत्तपत्र विक्रेते, बसस्थानकाजवळची दुकाने आणि तिथून घरोघरी गेलेले गठ्ठे.

१२/ या वाटांवर अंक उरले असतील तर चार ठिकाणी : घरांच्या माळ्यावर, रद्दीच्या दुकानात, सार्वजनिक वाचनालयांच्या जुन्या कपाटांत आणि नागपुरात सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांमध्ये. पैकी रद्दीचे दुकान सर्वांत तातडीचे. माळ्यावरचा गठ्ठा वर्षभराने पाहिला तरी चालेल. तराजूत पडलेला गठ्ठा आठवड्याभरात लगद्याच्या वाटेला लागलेला असू शकतो.

१३/ खरेदीचा क्रमही ठरलेला असावा. आरंभी सुटे अंक घेण्याऐवजी गठ्ठा घेणे हिताचे. त्यात दुबार प्रती येतात आणि दुबार प्रत हेच संग्राहकाचे चलन. तिच्या बदल्यात दुसऱ्याकडची हवी ती प्रत मिळते. निम्म्याहून अधिक यादी भरली की गठ्ठे थांबवून नेमके क्रमांक मागावेत. विरळ आढळणारा सुरुवातीचा अंक समोर आला, तर मळक्या अवस्थेतही घ्यावा. चांगली प्रत पुढे मिळाली की अदलाबदल करता येते. वारंवार दिसणाऱ्या उत्तरकालीन अंकांसाठी घाई करू नये.

१४/ अंक हाती आला की मलपृष्ठ आधी पाहावे. सुरुवातीच्या सुमारे ५० अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली होती आणि मागच्या बाजूस भिंतीवर लावण्याजोगे चित्र असे. मुलांनी ते कापून खरोखरच भिंतीवर लावले. त्यामुळे कथा पूर्ण पण मलपृष्ठ गायब अशा प्रती निघतात. वाचनालयाच्या बांधणीत कडा कापल्या जातात, कधी मुखपृष्ठच काढले जाते. नव्या रंगीत झेरॉक्सची प्रत मूळ म्हणून विकली जात नाही ना, हे कागदाचा पोत, पिनांचा गंज आणि छपाईतील ठिपके पाहून ताडावे.

१५/ एका बाबतीत संग्राहक आणि इतिहासाचा अभ्यासक यांची रुची परस्परविरुद्ध असते : शिक्का. मुखपृष्ठावर वाचनालयाचा किंवा भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल, तर बाजारात प्रतीची किंमत घसरते. अभ्यासकाला तोच शिक्का हवा असतो. मुंबईच्या प्रकाशकाचा अंक कोणत्या गावापर्यंत पोहोचला आणि कोणत्या संस्थेने तो वाचनयोग्य मानला, याचा तो लेखी पुरावा आहे. असा शिक्का खोडू नये. त्याचीही कार्डावर नोंद करावी.

१६/ जतनाचे नियम साधे आहेत. स्वस्त कागदातील आम्लामुळे पाने पिवळी आणि ठिसूळ होतात. विदर्भातला उन्हाळा हा ऱ्हास वेगाने घडवतो आणि पावसाळ्यात वाळवी उरलेले काम करते. अंक आडवे, थोडक्या संख्येत, भिंतीपासून दूर ठेवावेत. गंजलेल्या पिना सावकाश काढाव्यात. चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे गिळतो.

१७/ हे सारे व्यक्तींनी का करावे? ग्रंथालये आहेत, कायदाही आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य नेमलेल्या ग्रंथालयांकडे देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. कायद्याच्या व्याख्येत लहान पुस्तिकाही येते. परंतु प्रत पोहोचणे, तिची नोंद होणे आणि ती वाचकाला काढून देता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ, रंगीत, मुलांसाठीचे प्रकाशन या तिन्ही टप्प्यांवर सहज गळू शकते.

१८/ ठरवले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण मराठीतच आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संस्थेने संगणकीय रूपात सर्वांना विनामूल्य खुले केले. समुद्रपुरातला विद्यार्थी आज आरंभीचा ‘किशोर’ मोबाइलवर उघडू शकतो. त्याच्या आजोबांनी वाचलेला वेताळ मात्र त्याला असा सापडत नाही. एकामागे संस्था उभी राहिली, दुसरा घरांच्या भरवशावर राहिला.

१९/ या फरकाने भाषेच्या इतिहासाचे नुकसान होते. इंद्रजालच्या संपादनात मूळ कथांतील काही नावे बदलली गेली. समुद्री चाच्यांचे ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झाले, वेताळाचा देश ‘डेंकाली’ झाला. भारतीय वाचकाला काय खुपेल, याचा विचार त्यामागे दिसतो. मराठी अनुवादकांनी कोणते शब्द निवडले, फुग्यांच्या अरुंद जागेत संवाद कसे बसवले आणि ती मराठी पंचवीस वर्षांत कशी बदलली, हे सांगणारा पुरावा त्या अंकांखेरीज दुसरीकडे मिळणे कठीण.

२०/ समुद्रपुरात बसून एकट्याने संच पुरा होईलच असे नाही. यादी मात्र पुरी होऊ शकते आणि ती अनेक घरांची मिळून होऊ शकते. समुद्रपूर, गिरड, जांब, हिंगणघाट : ज्या घरात असा गठ्ठा असेल, त्यांनी तो विकावा की ठेवावा हा त्यांचा प्रश्न. तराजूत टाकण्यापूर्वी प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाचे, तारखेच्या पानाचे आणि मलपृष्ठाचे अशी तीन छायाचित्रे काढून ठेवावीत. अंक गेला तरी तो निघाला होता, एवढे तरी सिद्ध करता येईल.

(समाप्त)