कुंपणातल्या शिकारीची कुळकथा

म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात काम करणाऱ्या रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी १९०५ साली उजेडात आणलेल्या आणि १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, शेतीला निरुपयोगी जमिनीची व्यवस्था सांगताना, राजाच्या विहारासाठी करावयाच्या ‘मृगवना’चे वर्णन आले आहे. या वनाला एकच दार असावे, भोवती खंदक असावा, आत गोड फळांची झाडेझुडपे असावीत पण काटेरी झाड नसावे, पाणवठे उथळ असावेत, हरणे व इतर चतुष्पाद माणसाळवलेले असावेत, आणि हिंस्र श्वापदांची नखे व दात मोडून टाकलेले असावेत, असा तो तपशील आहे. खासगी जमिनीला उंच कुंपण घालून आतला प्राणी पैसे घेऊन मारू देण्याचा जो धंदा आज दक्षिण आफ्रिकेत व अमेरिकेत चालतो, त्याची वंशावळ शोधू गेल्यास इतके जुने व इतके नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

या तपशिलाचे इंगित त्याच ग्रंथाच्या आठव्या अधिकरणात आहे. तेथे राजाच्या व्यसनांची, म्हणजे त्याला नाशाकडे नेणाऱ्या सवयींची, चर्चा करताना पिशुन नावाचा आचार्य मृगयेला द्यूतापेक्षाही वाईट ठरवतो. कारण रानात चोर, शत्रू, श्वापदे, वणवा, ठेचकाळून पडणे, दिशाभूल, भूक आणि तहान यांपासून प्राणावर बेतते. कौटिल्य हे मत खोडून काढतो व मृगयेने व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो आणि राग व भय यांच्या प्रसंगी जनावराचे मन कसे चालते ते कळते, असे गुण मोजून दाखवतो. मात्र पिशुनाची यादी मृगवनाच्या वर्णनाशेजारी ठेवून पाहिली, तर खंदक व एकच दार शत्रूसाठी, मोडलेली नखे श्वापदांसाठी, काट्यांचा अभाव पायांसाठी, फळे भुकेसाठी आणि पाणवठे तहानेसाठी असल्याचे दिसते. वादात कौटिल्याने पिशुनाला हरवले खरे, पण वन बांधताना ऐकले ते त्याचेच. फक्त दात-नखे मोडलेल्या वाघाकडून रागाचे ज्ञान राजाला कसे मिळावे, हे त्याने सांगितलेले नाही. कुंपणाचा जन्म प्राण्याला कोंडण्याच्या हौसेतून झाला असे सहसा समजले जाते. या पुराव्यावरून ते शिकाऱ्याच्या संरक्षणासाठी उभे राहिले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कौटिल्याला निर्भय वनाची कल्पना ठाऊक नव्हती असेही नाही, कारण सर्व प्राणी जेथे अतिथी मानले जातील असे दुसरे मृगवन सीमेवर असावे असे तो लगेच पुढे सांगतो, आणि अभयवनातील प्राणी मारणाऱ्याला मोठा दंडही ठरवून देतो.

या प्रथेवरचा नैतिक आक्षेपही अलीकडचा नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने इराणच्या सायरस राजाचे जे अर्धे काल्पनिक चरित्र लिहिले, त्यात आजोबांच्या बंदिस्त उद्यानातले प्राणी मारून संपवलेला बाल सायरस पहिल्यांदा मोकळ्या रानात जाऊन येतो आणि उद्यानातली शिकार ही बांधून ठेवलेल्या जनावरांची शिकार होती, असे सवंगड्यांना सांगतो.

मोकळ्या रानाची किंमत काय असते, याचे उदाहरण कर्नाटकातील होसकोटे या गावाच्या इतिहासात आहे. बंगळुरूच्या पूर्वेचे हे गाव, आज तालुक्याचे ठिकाण, १६३८ च्या विजापुरी मोहिमेनंतर बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे यांच्यासह शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. चाळीस वर्षांहून अधिक काळ निजामशाही, मोगल आणि आदिलशाही यांच्या लढायांतून तरून गेलेला हा सरदार १६६४ च्या जानेवारीत चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मरण पावला, आणि त्याची समाधीही तेथेच आहे. पिशुनाच्या यादीतले ‘ठेचकाळून पडणे’ ते हेच. अशा मृत्यूने शिकार न्याय्य ठरत नाही, कारण हरणाने शहाजीराजांना पैजेचे आव्हान दिले नव्हते. तरी शिकारीला शौर्याचा मान ज्या धोक्यामुळे मिळत आला, तो धोका येथे खरा होता, आणि कुंपण नेमका तोच काढून टाकते व मान मात्र तसाच ठेवते.

मोगलांनी कुंपण माणसांचे केले. ‘कमरगाह’ या पद्धतीत हजारो हाकारे विस्तीर्ण रानाला वेढा घालून तो दिवसेंदिवस आवळत नेत आणि मधोमध गोळा झालेली जनावरे बादशहा मारी. अकबराने १५६७ साली लाहोरजवळ अशी प्रचंड शिकार केली आणि १५७८ साली भेऱ्याजवळ सर्व तयारी झाली असताना ती अचानक थांबवली. मराठीत राखीव शिकारीच्या बंदिस्त जागेला ‘रमणा’ म्हणत, आणि पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी श्रावणातील दक्षिणेसाठी ब्राह्मणांना ज्या आवारात जमवत त्यालाही तेच नाव मिळाले, हा योगायोग पुणेकरांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

इथवर कुंपण राजाचे होते. ते मालमत्तेचे साधन झाले युरोपात. इंग्लंडमधील मध्ययुगीन हरणबागांच्या कडेला, राजाच्या परवानगीने, अशी उडीची जागा ठेवत की बाहेरचे हरीण आत उतरू शके, पण आतल्या चरामुळे परत जाऊ शकत नसे. म्हणजे रानात जे कोणाचेच नव्हते ते एका उडीसरशी जमीनदाराचे होई. दक्षिण आफ्रिकेच्या १९९१ च्या कायद्याने हाच विचार पूर्णत्वाला नेला आणि पुरेसे कुंपण घातलेल्या जमिनीवरील वन्य प्राणी निसटून गेला तरी त्यावरची मालकी कायम राहील असे ठरवले. भारतात त्याच वर्षी उलट घडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या परवान्यांची व्यवस्था १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली, आणि जीविताला किंवा पिकाला धोका यांसारख्या मोजक्या अपवादांखेरीज शिकारीला वाव उरला नाही. बेकायदा मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, मग जमीन कोणाचीही असो.

कुंपणाच्या समर्थकांची एक बाजू मात्र दुर्लक्षून चालणार नाही. आपला काळवीट १९३२ पासून टेक्सासच्या कुरणांत नेऊन वाढवला गेला, तेथे तो पैसे घेऊन मारू दिला जातो, आणि पाकिस्तानात तो नामशेष झाल्यावर १९७० च्या सुमारास तिकडे पुन्हा सोडण्यासाठी जनावरे टेक्सासहूनच आली. ज्याला किंमत आहे ते टिकते, हा युक्तिवाद येथे खरा ठरला आहे. मात्र त्याने जपणुकीचे समर्थन होते, गोळीचे होत नाही, कारण प्राणी वाचवायला कुंपण पुरेसे होते. स्वतः शिकाऱ्यांनी १८८७ साली स्थापन केलेला अमेरिकेतील ‘बून अँड क्रॉकेट क्लब’देखील जेथून निसटणे अशक्य आहे अशा बंदिस्त जागेत मारलेल्या जनावराची नोंद आपल्या विक्रमांत घेत नाही.

होसकोट्याच्या आसपास आज द्राक्षबागा, फार्महाऊस व भूखंडांची कुंपणे वाढत आहेत आणि तेथे पैसे देऊन शिकार करणे कायद्याने शक्य नाही. परंतु कर्नाटकाच्या अनेक भागांत रानडुकरासाठी कुंपणालगत तारेचे फास लावले जातात व त्यांत बिबटेही अडकून मरतात. कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत गोळीइतकाच सापळा, फास, हाका व आमिष यांचाही समावेश असल्यामुळे, बंदूक हाती न धरलेला आणि बिबट्या कधी न पाहिलेला शेतकरीही स्वतःच्याच जमिनीवर शिकारी ठरतो.