दाहलेमच्या कवट्या

इरावतीबाई कर्वे म्हटले की आपल्या घरांत 'युगान्त' निघते, द्रौपदी नि कुंती निघतात, आणि फराळ संपला तरी वाद संपत नाही. पण याच बाईंनी डॉक्टरेट मिळवली ती माणसांच्या कवट्या मोजून, हे कितीजणांना ठाऊक असेल?

१९२८ साली त्या बर्लिनला निघाल्या, तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष चालू होते. सासरे महर्षी अण्णा. स्त्रीशिक्षणासाठी उभा जन्म वेचलेला हा पुरुष. पण सुनेने परदेशी जावे हे काही त्यांना पटेना! यजमान दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांचा मात्र भक्कम पाठिंबा. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ मिळाले.

बर्लिनच्या दाहलेम भागात १९२७ साली मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था निघाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच बाईंचे मार्गदर्शक. कवटीची उजवी नि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशरांचा तर्क असा, की गोऱ्या युरोपीयांत उजवीकडचा मेंदूचा पुढचा भाग मोठा, त्याला जागा करून देताना कवटी विषम होते, आणि त्यांच्या बुद्धीच्या वरचढपणाची खूण हीच. हे सिद्ध करण्याचे काम त्यांनी सोपवले कोणाकडे, तर पारतंत्र्यातल्या देशातून आलेल्या एका मुलीकडे!

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशा आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. मोजण्याची पद्धत गुरूंनी शिकवलेलीच, तीत कसूर नाही. निष्कर्ष मात्र गुरूंना नको होता तोच निघाला: कवटीच्या विषमतेचा आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही. घरापासून हजारो मैलांवर, डोक्यावर कर्ज, पदवी गुरूंच्या हाती. आकड्यांना जरा वळण द्यायचा मोह किती जणांना आवरला असता? बाईंनी निघाले तेच लिहिले. पदवी मिळाली, श्रेणी मात्र अगदी खालची. मला विचाराल तर पहिल्या श्रेणीच्या कित्येक प्रबंधांपेक्षा तिची किंमत अधिक आहे.

फिशर पुढे १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ साली ऱ्हाइनकाठच्या मिश्रवंशीय मुलांना सक्तीने निर्बीज करण्यात आले. त्यासाठी मुलांची तपासणी करणाऱ्यांत त्यांचाही हात होता. संस्थेची ती इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. २०१४ साली तिच्या जवळच खोदकामात मानवी हाडांचे तुकडे निघाले. पुढे शोध घेता त्यांची संख्या हजारांवर गेली. ती कोणाची, हे सांगायला कोणी उरले नव्हते. २०२३ साली त्यांचे दफन झाले.

इरावतीबाई १९३९पासून डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापाची साधने त्यांनी टाकली नाहीत. महाराष्ट्रातल्या जातीजमातींत हिंडून माणसांची मापे त्या घेतच राहिल्या. ती पद्धत आता मागे पडली आहे. पण ज्यांना मोजले, त्यांच्या घरी बसून त्यांची नातीगोती, लग्ने, भांडणे बाईंनी ऐकून घेतली. दाहलेमच्या कपाटांत ती सोय नव्हती.