वृद्ध ताऱ्यांभोवतीचे ग्रह

गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर फुगून राक्षसी अवस्थेला पोहोचलेल्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह. असे दोन तारे माळशिरसहून नुसत्या डोळ्यांनी सहज ओळखता येतात. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेआठच्या सुमारास रोहिणी जवळजवळ थेट माथ्यावर असते, आणि पुनर्वसूतला पोलक्स मध्यरात्रीपूर्वी माथ्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. रोहिणीचा व्यास सूर्याच्या चाळीसपटींहून अधिक, तर पोलक्सचा सुमारे नऊपट आहे.

पोलक्सभोवती गुरूच्या दुपटीहून जड ग्रह असल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. त्याची प्रदक्षिणा सुमारे ५९० दिवसांची आहे. रोहिणीच्या ग्रहाची घोषणा २०१५ मध्ये झाली, पण पुढच्या वेधांनी ती डळमळीत केली. अशा ताऱ्यांचे पृष्ठभाग स्वतःच हेलकावत असतात आणि वर्णपटात ती हालचाल ग्रहाच्या ओढीसारखीच उमटते. त्यामुळे इथे घाईचा निष्कर्ष धोक्याचा.

ग्रहाचे भवितव्य दोन विरुद्ध क्रियांवर ठरते. तारा वायू उधळून हलका होतो, तशी ग्रहावरची पकड सैल पडून कक्षा रुंदावते; वस्तुमान सावकाश घटत निम्मे झाले, तर कक्षा दुप्पट होते. उलट, ग्रहाच्या ओढीने ताऱ्यावर भरतीचा फुगवटा येतो. तारा स्वतःभोवती संथ फिरत असल्याने हा फुगवटा मागे रेंगाळतो, ग्रहाला मागे खेचतो आणि ग्रह आत सरकत जातो. बुध आणि शुक्र सुमारे पाच अब्ज वर्षांनंतरच्या फुगलेल्या सूर्यात जातील. पृथ्वी अगदी सीमारेषेवर आहे.

ग्रह गिळला जाण्याचा पहिला ठळक पुरावा गरुड तारकासमूहात, सुमारे १२,००० प्रकाशवर्षांवर मिळाला. २०२० मध्ये एक तारा दहा दिवसांत सुमारे शंभरपट उजळला. हे टिपणाऱ्या पालोमार वेधशाळेच्या ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ या सर्वेक्षणाची धुरा कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) येथे जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांनी वाहिली. त्यातली ही नोंद किशलय डे यांनी हेरली आणि २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. दोन तारे एकमेकांत मिसळतात तेव्हाच्या तुलनेत इथली ऊर्जा सुमारे हजारांश होती, म्हणून गिळलेली वस्तू ग्रहाएवढीच असणार. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या वेधांनी आणखी महत्त्वाची गोष्ट पुढे आणली : तारा फुगून ग्रहापर्यंत पोहोचलेला दिसत नाही, ग्रहच कक्षा आक्रसत जाऊन त्याच्यात शिरला असावा. ताऱ्याच्या फुगण्याइतकेच भरतीच्या ओढीकडे लक्ष द्यायला हवे, हे त्यावरून दिसते.

सगळेच ग्रह नाहीसे होत नाहीत. राक्षसी अवस्था सरल्यावर उरणाऱ्या ताऱ्यांच्या गाभ्यांपैकी, म्हणजे श्वेतबटूंपैकी, अनेकांच्या वातावरणात खडकाळ ग्रहद्रव्याची मूलद्रव्ये आढळतात. २०२० मध्ये तर एका श्वेतबटूभोवती गुरूएवढ्या आकाराची, ग्रह मानली गेलेली वस्तू केवळ ३४ तासांत प्रदक्षिणा घालताना सापडली. राक्षसी अवस्थेत ही जागा ताऱ्याच्या पोटातच होती. तेव्हा हा ग्रह दूरवर तग धरून नंतर आत आला असण्याची शक्यता मोठी आहे.