‘अद्’ धातूचा वंश

परभणीकडील शेतकरी ज्वारीची भाकरी ‘खातो’, पंगतींत ‘जेवतो’. संस्कृत ‘अत्ति’चा वंशज कोणाच्या तोंडीं नाहीं. तरी आपला ‘अद्’ आणि लॅटिन ‘एदेरे’ हे सख्खे भाऊ. या भाषांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास प्रतिपादिलें. यास्काचार्यांनीं तर ‘अन्न’ शब्दाचा संबंध ‘अद्’शीं फार पूर्वींच जोडला होता. नवल पुढेंच आहे. दोन्ही घरीं हें क्रियापद निमालें! इकडे त्याच्या जागीं मूळचा चावण्याच्या अर्थाचा ‘खाद्’ आला; फ्रेंचांतही चावण्याचाच शब्द. १५१० सालीं गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या ‘कोमेर’ची मौज निराळी. ‘कोमेदेरे’तील धातूचा दकार झिजला आणि उपसर्गच क्रियापद होऊन बसला. आमचा दकार ‘अन्ना’च्या जोडाक्षरांत नकार होऊन राहिला आहे.