दगडावरचा करारनामा

राहत्या घराला एखादी खोली जोडावी, पडवी भिंतीत घ्यावी किंवा वर माडी चढवावी, हा विचार ज्या घरात एकदा शिरला त्या घरात पुढे वर्षभर दुसरा विषय निघत नाही. नकाशा होतो, गवंडी येऊन जुन्या भिंती ठोकून पाहतो, रक्कम ठरते. करार मात्र पुष्कळदा तोंडीच राहतो. कागदाची गोष्ट काढली की ठेकेदाराचा चेहरा उतरतो, आणि आपल्यालाही मनातून अवघडल्यासारखे होते. लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी आपली समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी श्रोत्यांना आम्ही जरा दूर, इटलीच्या किनाऱ्यावर नेणार आहोत.

नेपल्सजवळ पोत्सुओली नावाचे बंदर आहे. रोमन काळी त्यास पुतेओली म्हणत. इसवी सनापूर्वी १०५ साली या गावच्या कारभाऱ्यांनी सेरापिस देवाच्या मंदिरासमोर, रस्त्यापलीकडच्या आवाराच्या भिंतीत एक दरवाजा पाडून घ्यावयाचे ठरविले. काम तसे किरकोळ. पण त्याचा करारनामा दगडावर कोरला गेला, आणि तो शिलालेख आज नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सम्राटांच्या विजयस्तंभांपेक्षा हा दगड आम्हांला अधिक जवळचा वाटतो. कारण हे काम कोऱ्या जागेवरचे नाही, उभ्या बांधकामाला जोड देण्याचे आहे; आणि जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते, यावरच अशा कामात अर्धी भांडणे होतात.

या भांडणाला दगडाने जागाच ठेवलेली नाही. भिंतीच्या मधोमध ६ फूट रुंद व ७ फूट उंच असे दार पाडावयाचे. (रोमन फूट आपल्या फुटाहून अंमळ आखूड.) दारावरची तुळई ओकच्या लाकडाची, ८ फूट लांब, तिची रुंदी आणि जाडी फुटाच्या अपूर्णांकापर्यंत दिलेली. दारे जाळीची, डांबर लावलेली, आणि कशासारखी, तर गावातल्या दुसऱ्या एका देवळाला बसविली आहेत तशी. हे शेवटचे कलम आम्हांला विशेष शहाणपणाचे वाटते. 'चांगल्या प्रतीचे काम' या शब्दांचा अर्थ दोघांच्या मनात दोन असू शकतो; समोरच्या देवळाचे दार मात्र दोघांनाही जाऊन पाहता येते. भिंतीच्या मसाल्यात विरवलेल्या चुन्याचा चौथा हिस्सा असावा, सुका दगड १५ पौंडांहून जड नसावा, हेही लिहिलेले आहे. इतकेच नव्हे, तर आवारात जाण्याची जुनी वाट आणि जुन्या खिडक्या बुजवून टाकण्याचे कामही त्याच करारात घातलेले आहे. आपल्याकडे हे बुजविण्याचे काम हमखास बिलाच्या शेवटी, निराळ्या आकड्याने अवतरते!

आता पैशाची गोष्ट. ठेकेदार गायस ब्लोसिअस. रक्कम १५०० सेस्टर्स. काम घेणाऱ्याने प्रथम जामीन द्यावयाचे व आपली जमीन तारण म्हणून नोंदवावयाची. ते झाले की निम्मी रक्कम मिळे. उरलेली निम्मी काम पुरे होऊन पसंत पडल्यावर. पसंत कोणी करावयाचे? माजी कारभाऱ्यांच्या सभेने, आणि तेही किमान २० जण हजर असताना, शपथेवर. मुदत येत्या १ नोव्हेंबरची. ठेकेदाराला निम्मे पैसे हातात पडत असल्यामुळे चुन्यालाकडाची तरतूद करता येई. गावाजवळ निम्मे उरत असल्यामुळे काम अर्धवट टाकून जाण्याची सोय नव्हती. यात अविश्वास कोठे आहे? दोघांचीही झोप सुरक्षित राहावी एवढीच व्यवस्था आहे.

अर्थात हे गावचे काम. साध्या गृहस्थाजवळ २० माजी कारभारी कोठून असणार? हे दुखणे व्हिट्रुव्हिअस या रोमन स्थपतीने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या आरंभी बोलून दाखविले आहे. एफिसस या ग्रीक नगरातला एक जुना कायदा तो सांगतो. सार्वजनिक काम घेणाऱ्याने आधी खर्चाचा आकडा द्यावा आणि काम संपेपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहावी. खर्च त्या आकड्यात बसला तर त्याचा सन्मान होई. चौथाईपर्यंत वाढला तर सरकार सोशी. त्यापलीकडचा मात्र त्याच्या मालमत्तेतून वसूल होई. असा कायदा खासगी घरांनाही असता तर किती मालक नागवले जाण्यापासून वाचले असते, असे त्याला वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार कालच्या चहाच्या वेळी ऐकल्यासारखी वाटते.

त्याहीपूर्वी, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, बाबिलोनच्या हम्मुराबीने घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड सांगितला होता. या कलमाचे नाव फार झाले. पण मेलेल्या मालकाला त्याचा उपयोग काय? त्याच संहितेतले दुसरे कलम आम्हांला अधिक मोलाचे वाटते: भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने पक्की करून द्यावी. आपल्या कौटिल्याने कारागिरांविषयी सांगितले तेही याच जातीचे आहे. काम कोणते, कोठे व कधी हे ठरवून करावे. वेळ टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि वर त्याच्या दुप्पट दंड घ्यावा.

आजचा आपला कायदा १८७२ सालचा, भारतीय करार अधिनियम. तो इतका कडक नाही, आणि मालकांनी हे आधीच ओळखून असावे. उशिराबद्दल रोजचा दंड करारात लिहिला म्हणजे तो सगळा पदरात पडतोच असे नाही. ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. उलट ७० वे कलम ठेकेदाराच्या बाजूने उभे राहते. एखाद्याने फुकट करण्याच्या हेतूने नव्हे असे काम कायदेशीरपणे करून दिले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला आपल्याला द्यावा लागतो. काम चालू असताना 'जाता जाता येथे एक कोनाडा काढा', 'तेवढा कट्टा लांबवा' असे सांगणारी घरातली वडीलधारी मंडळी हे कलम सहसा वाचत नाहीत. म्हणून अशा प्रत्येक जादा कामाची त्याच दिवशी चिठ्ठी करावी, तीत किंमत आणि वाढीव मुदत लिहावी व दोघांनी सह्या कराव्यात. मूळ करारात दाराची उंची लिहिण्याइतकेच हेही जरुरीचे आहे.